झऱ्यावर जायचं तर आधी माप

झऱ्यावर जायचं तर आधी माप, हा मामंजींचा कायदा होता. मामंजी गेले, त्यांच्या खुर्चीवर आता दोऱ्याची रिळं बसतात, पण कायदा काही गेला नाही. त्या रविवारी दुपारी जेवणं उरकून सगळं घर खालच्या कारखान्यात जमलं ते याच कायद्यापायी. कापायचं लांब टेबल रिकामं करून पुसलं होतं. सासूबाईंनी चष्मा नाकावर चढवला होता. आणि माळा आवरताना सापडलेला हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडाचा शेवटचा तागा टेबलाच्या कडेला आडवा करून ठेवला होता.

थोरली जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. या घरची थोरली सून, म्हणून सगळ्यांसाठी नुसती थोरली. अंगात नेहमीचा सैल स्वेटर, हातात चहाचा ट्रे. चहा कुणी मागितला नव्हता. पण हातात ट्रे असलेल्या बाईचं माप कुणी घेत नाही, एवढा विचार करूनच ती खाली आली होती.

कारण त्या स्वेटरच्या आत, डाव्या बाजूला, आता कापसाची गादी होती. मामंजी अंथरुणाला खिळले त्या हिवाळ्यात ती महिनाभर ‘बहिणीकडे’ म्हणून गेली होती, ती खरं तर दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात. गाठ काढली, गाठीबरोबर छातीची ती बाजूही गेली. नवऱ्याशिवाय कुणाला पत्ता नव्हता. वरच्या खोलीत एक माणूस निघायच्या तयारीत पडलेलं असताना आपलं दुखणं कुठे मांडायचं, असं तेव्हा वाटलं. नंतर सांगू म्हटलं तर सांगायची वेळ निघून गेली होती. घराने एवढंच पाहिलं, की सासरा शेवटच्या घटका मोजत असताना थोरली बहिणीकडे जाऊन बसली. वन्संनी तर ते मनात असं धरून ठेवलं होतं, की त्यानंतर टोमणे आणि भांडणं सोडली तर त्या दोघींमध्ये मिठाची बरणी पुढे सरकवण्यापलीकडे धड बोलणं झालं नव्हतं.

या घराचा धंदा दुकानांवरची कापडी छतं शिवण्याचा. आजूबाजूच्या बाजारपेठांतली निम्मी सावली या टेबलावर कापली गेली होती. धंदा मंदावण्याच्या दिवसांत, वर्षातून एकदा, मामंजी उरल्यासुरल्या कापडातून घरच्या सगळ्यांसाठी गरम पाण्याच्या झऱ्यावर घालायचे झगे शिवायला लावत. बाजारात पोहण्याचे कपडे मिळत होते. पण ज्याच्या घरात कापड ताग्यांनी पडलंय त्याने वीतभर कापडासाठी दुसऱ्याच्या दुकानाची पायरी चढायची, हे मामंजींना अजिबात मान्य नव्हतं. शिवाय झऱ्यावर वाफ इतकी, की पोरांची तोंडं दिसायची नाहीत. पट्टे मात्र दिसायचे. सासूबाई काठावर बसून पट्टे मोजायच्या आणि आपलं बिऱ्हाड पुरं आहे अशी खात्री करून मगच स्वतः पाण्यात उतरायच्या.

मापं खाकी कागदावर कापून प्रत्येकाचा नमुना भिंतीतल्या खिळ्याला अडकवलेला असे. पुढच्या वर्षी पुन्हा टेप लागे. माप घेणाऱ्याने आकडा मोठ्याने सांगायचा, टेबलाशी उभ्या असलेल्या सासूबाईंनी खडूने खूण करायची. आणि एखाद्याचं माप गेल्या खेपेसारखंच भरलं, तर माप घेणाऱ्याने आरोळी ठोकायची, ‘जुनंच!’ मग त्याचा जुना कागद खिळ्यावरून उतरायचा, आणि झऱ्यावर सगळ्यांच्या आधी पाण्यात पाय टाकायचा मान त्याचा. लग्नानंतर कितीतरी वर्षं तो मान थोरलीने सोडला नव्हता.

‘ट्रे ठेव आणि बस,’ सासूबाई म्हणाल्या. ‘हिचं वाचून होऊ दे.’

‘ही’ म्हणजे धाकटी जाऊ. तिचं चौकात पार्लर होतं, त्यामुळे लेप, वाफ आणि मालिश या विषयांवर घरात तिचा शब्द चाले. तिच्या हातात झऱ्याचं गुळगुळीत माहितीपत्रक होतं.

‘ऐका. आता चार कुंडं आहेत. एक साधं गरम, एक खारं, एक बुडबुड्यांचं, एक नुसतं पाय सोडून बसायचं. वाफेची खोली वेगळी. अंगाला चिखलाचा लेपही लावतात.’

‘चिखल आपल्या मागच्या अंगणात आहे की,’ भाऊजी म्हणाले. ते धाकटीचे यजमान, स्वतःची मिनीबस चालवायचे आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर एकदा हसून बघायचे. ‘तुला लोळायचं तर सांग, मी नळ सोडतो.’

‘तुम्ही गप्प बसा हो. आत गेलं की मनगटाला पट्टी बांधतात. त्या पट्टीनेच कपाट उघडतं, त्या पट्टीवरच चहा मिळतो. पडायला आरामखुर्च्या आहेत. दिवसभर कुणी उठवायला येत नाही.’

‘आणि जुनं कुंड?’ सासूबाईंनी विचारलं.

धाकटीने पत्रक उलटं केलं, सुलटं केलं. ‘आहे, आई. वरून काचेचं छत घातलंय. पायऱ्या मात्र दगडाच्याच, हे बघा.’

सासूबाईंनी पत्रक चष्म्याजवळ नेलं, मग चष्मा काढून डोळ्यांजवळ नेलं. ‘त्याच आहेत,’ त्या म्हणाल्या. ‘ही तिसरी पायरी बघ, कोपरा उडालेली. तुझा सासरा इथे घसरला होता. मला त्याच कुंडात उतरायचंय. बाकीची तुमची तुम्ही बघा. आणि मी काय म्हटलंय ते लक्षात आहे ना?’

लक्षात नसायला काय झालं? आठवडाभर त्या तेच म्हणत होत्या. महिनाअखेर कारखान्याला कुलूप लागणार होतं. लोकांना आता तयार प्लास्टिकची छतं हवी होती, थोरलीच्या नवऱ्याचे खांदेही दुखू लागले होते. तेव्हा या शेवटच्या ताग्याचे झगे होऊ देत, आणि येत्या गुरुवारी सगळी मिळून एकदा झऱ्यावर जाऊ. सगळी म्हणजे सगळी. एक जरी गळलं, तरी मी इथेच बरी.

‘गुरुवारी कसं जमेल?’ थोरली म्हणाली. आवाज तिने अगदी साधा ठेवला होता. ‘गुरुवारी मशिनं विकत घेणारा तो माणूस ती बघायला यायचाय.’

‘त्याला शुक्रवारी बोलावलंय,’ भाऊजी म्हणाले.

‘आईंना इतकं गरम पाणी सोसेल का पण?’

‘डॉक्टरांना विचारलंय,’ धाकटी म्हणाली. ‘थोडा थोडा वेळ बसायला हरकत नाही म्हणाले.’

‘आणि त्या लोकांना आपले हे झगे चालतील? एवढं नवं, चकाचक केलंय सगळं. आपण तिथे तंबू घालून गेलेलं बरं दिसेल?’

हे बोलली आणि थोरलीने जीभ चावली. कारण धाकटीचे डोळे चमकले.

‘मी तेच म्हणणार होते, जाऊबाई! मला वाटलं मी एकटीच. आपण बायकांनी सरळ ते अंगाबरोबर बसणारे पोहण्याचे कपडे आणू या ना. माझ्या ओळखीचं दुकान आहे. तुम्हाला काय सुंदर दिसेल! तुमचा बांधा अजून...’

‘नको,’ थोरली म्हणाली. इतक्या झटकन म्हणाली, की नवऱ्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

‘काही आणायचं नाही,’ वन्संनी निकाल दिला. थोरलीच्या या नणंदबाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आणि घरातही त्या घंटा वाजल्यासारख्याच बोलायच्या. ‘मी झऱ्यावर फोन केला होता. झगे चालतील म्हणाले. कापड स्वच्छ हवं, आणि पाण्यात रंग जाता कामा नये, एवढंच.’

रंगाचं नाव निघालं आणि भाऊजी टेबलावर हात आपटून हसायला लागले. तो किस्सा या घरात इतक्या वेळा सांगून झाला होता, की आता नुसत्या ‘रंग’ या शब्दावर भागायचं. एका वर्षी मामंजींनी नव्या ताग्यातलं कापड न धुताच शिवायला घेतलं होतं. झऱ्याचं पाणी त्याला लागलं मात्र, घरच्यांभोवती हिरवं तळं पसरत गेलं. बाकीचे लोक ओरडत बाहेर. आणि मामंजी गळ्यापर्यंत हिरव्या पाण्यात उभे राहून रखवालदाराला समजावत होते, की हा झऱ्याचाच गुण आहे, गंधक जास्त झालं की असं होतं. परतताना बसमध्ये सगळ्यांच्या मांड्या हिरव्या. धाकटी तेव्हा लग्न होऊन नुकतीच आली होती. तिच्या माहेरी आठवडाभर डॉक्टर शोधत होते.

‘माझी नखं महिनाभर हिरवी होती,’ धाकटी म्हणाली. ‘पार्लरमध्ये बायका रंगाचं नाव विचारायच्या.’

सासूबाईही हसल्या, पदराने नव्हे तर हातातल्या खडूच्या फडक्याने डोळे टिपले, आणि कपाळावर पांढरा पट्टा उमटला. थोरलीलाही हसू आलं. या माणसांबरोबर त्या पाण्यात पुन्हा उतरायचं, याहून तिला तरी दुसरं काय हवं होतं?

तिला तिची पहिली खेप आठवली. लग्नाला महिनाही झाला नव्हता. माहेरी नदी नाही, तळं नाही. गुडघाभर पाणी म्हणजे बादलीतलं. तो जाड झगा अंगावर चढवला तेव्हा ती रडायच्या बेतात होती. कापड अंगापासून वीतभर दूर उभं राही. ‘आत बाई आहे की बांबू, कळायला मार्ग नाही,’ असं भाऊजी तेव्हाही म्हणाले होते. ती पायरीवर थबकली. वाफ, गंधकाचा वास, कुठे तळ आहे ते दिसेना. तेवढ्यात मागून कुणीतरी ढकललं. नाकातोंडात पाणी गेलं, ती वर आली, आणि झगा फुग्यासारखा फुगून तिला तरंगवत राहिला. इतकं ऊबदार, इतकं हलकं तिला जन्मात वाटलं नव्हतं. ढकलणाऱ्या अर्थातच वन्सं होत्या. तेव्हा त्या काठावर उभ्या राहून पोट धरून हसत होत्या, आणि मग त्यांनीच उडी मारून तिचा हात धरला होता. त्या दिवसापासून ती या घरची झाली, असं थोरली मनाशी मानत आली होती. लग्नाच्या दिवसापासून नव्हे.

‘चला, मापं,’ वन्संनी टेप गळ्यात टाकली. पूर्वी बायकांची मापं सासूबाई घ्यायच्या. त्यांची नजर मंदावल्यावर टेप वन्संकडे गेली. कुणी दिली नव्हती. त्यांनी घेतली होती.

भिंतीशी लाकडी खोकं होतं, त्यावर उभं राहायचं. आधी थोरलीचा नवरा उभा राहिला, मग भाऊजी. भाऊजींच्या पोटाचा आकडा वन्संनी दोनदा पुकारला, तेव्हा रस्त्यावरून जाणारा भाजीवालाही आत डोकावला.

‘ताई, अगं हळू! नातेवाइकांत ठेव जरा.’

‘आई, याला दोन पट्टे वाढव.’

‘तुझ्या कागदाला शेपूट जोडते,’ सासूबाई म्हणाल्या आणि खिळ्यांवरचे कागद चाळू लागल्या. मामंजींचा कागदही तिथेच होता. त्यांनी तो हातात घेतला, धूळ झटकली आणि पुन्हा जागच्या जागी अडकवला.

धाकटीचं झालं. वन्संनी टेप हाताला गुंडाळली आणि थोरलीकडे न बघताच म्हणाल्या, ‘वहिनी, ये.’

‘मी काय म्हणते,’ थोरली म्हणाली, ‘तुम्ही सगळे जाऊन या. मी घरी थांबते.’

सासूबाईंचा खडू थांबला. ‘का गं?’

‘माझी कंबर धरते हल्ली. बसमध्ये बसवायचं नाही.’

‘कमरेसाठीच तर लोक तिथे जातात, वहिनी,’ भाऊजी म्हणाले. ‘मी सबंध मागची सीट देतो तुम्हाला. आडव्या पडून चला.’

‘नको भाऊजी. मला खरंच नाही जमायचं.’

‘मग राहू दे,’ सासूबाई म्हणाल्या. रागावल्या नाहीत, तेच वाईट. खडू डबीत टाकला, आणि जेमतेम उलगडलेला तागा हळूहळू परत गुंडाळायला लागल्या. ‘मी म्हटलंच होतं. सगळी नाहीत, तर नाही.’

‘जाऊबाई, असं काय करता?’ धाकटी आतापर्यंत तिच्या बाजूची होती, ती आता सासूबाईंच्या बाजूला जाऊन कापडाचं दुसरं टोक धरून उभी राहिली. ‘आईंनी आयुष्यात काही मागितलंय का कधी? एक दिवसाचा प्रश्न आहे.’

‘खरंय, वहिनी,’ भाऊजी म्हणाले. पहिल्यांदाच ते हसत नव्हते.

‘तिला नका सांगू,’ वन्सं म्हणाल्या. ‘जेव्हा सगळ्यांनी एकत्र असायचं तेव्हा हिला कुठेतरी दुसरीकडे असायचंच असतं. बाबा तिकडे तिचं नाव घेत होते, थोरली कुठे, थोरली कुठे. आम्ही काय सांगायचं? बहिणीकडे मजेत आहे म्हणून?’

थोरलीला ते ठाऊक नव्हतं. मामंजींनी तिचं नाव घेतलं होतं, हे दोन वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं.

‘ताई, पुरे,’ तिचा नवरा म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. ‘तुला काही माहीत नाही. ती तेव्हा...’

‘अहो,’ थोरली म्हणाली.

एवढाच शब्द. पण तिने तो असा काही म्हटला, की त्याने पुढचं वाक्य गिळलं. ती वळली आणि मागच्या खोलीत गेली, जिथे बकलं, कड्या आणि दोर ठेवलेले असत. तो तिच्यामागून आला आणि दार लोटून घेतलं.

‘सांगून टाक,’ तो दबक्या आवाजात म्हणाला. ‘किती दिवस शिव्या खाणार आहेस? मला बघवत नाही.’

‘सांगितलं की काय होईल माहीत आहे?’

‘काय होईल? रडतील थोडी. माफी मागतील.’

‘तेच नकोय मला.’ ती दोरांच्या ढिगावर बसली. ‘धाकटी उद्यापासून माझ्या हातातली भांडी काढून घेईल. भाऊजी माझी थट्टा करायचे थांबतील. आई माझ्यासाठी उशी शोधतील. आणि वन्सं... वन्सं माझ्याशी गोड बोलायला लागतील हो. कल्पना करा! तीस वर्षं भांडतोय आम्ही. त्या भांडतात म्हणजे मी धडधाकट आहे असं वाटतं मला. या घरात मला आजारी बाई म्हणून नाही राहायचं.’

तिच्या नवऱ्याला हे कळलं की नाही, कुणास ठाऊक. तो दोराचं एक टोक उसवत उभा राहिला. मग म्हणाला, ‘आणि पाणी? तुला पाण्यात नाही जायचंय?’

दवाखान्यातून आल्यापासून ती अंधारात, दाराला कडी घालून, भराभर दोन तांबे ओतून बाहेर यायची. आरशावर टॉवेल टाकून ठेवायची. पाण्यात जायचंय का, म्हणे. रात्री झोप लागेना की ती डोळे मिटून त्या तिसऱ्या, कोपरा उडालेल्या पायरीवर पाय ठेवायची, तेव्हा कुठे झोप यायची.

दाराच्या फटीतून टेबल दिसत होतं. सासूबाई कापड गुंडाळत होत्या. घाई नव्हती त्यांना. प्रत्येक वळशाला हाताने सुरकुती मोडत होत्या, जणू पुन्हा कधी उलगडायचं नसलेलं कापडही नीटच गुंडाळलं पाहिजे. शेवटचा हातभर तुकडा राहिला होता.

थोरली उठली. ‘तुम्ही व्हा पुढे,’ ती नवऱ्याला म्हणाली. तो गेल्यावर तिने पाठ दाराकडे केली, स्वेटरच्या आत हात घातला, आणि डाव्या बाजूची गादी काढून बकलांच्या डब्यात ठेवली. डब्याचं झाकण लावलं. पाण्यात कापूस चालणार नव्हता; माप द्यायचं तर खरंच द्यायचं, आणि कळलंच तर ते एकट्या वन्संच्या बोटांना कळेल.

‘थांबा, आई,’ ती बाहेर येत म्हणाली. ‘गुंडाळू नका. घ्या, वन्सं. माप घ्या.’

ती खोक्यावर चढली आणि भिंतीकडे तोंड करून नव्हे, पण टेबलाकडे पाठ होईल अशी उभी राहिली. सैल स्वेटर खांद्यावरून सरळ खाली लोंबत होता. कुणाला काही दिसण्यासारखं नव्हतं.

वन्संचा राग अजून उतरला नव्हता. त्यांनी टेप झटकली. ‘कंबर धरते ना तुझी?’

‘सुटली आत्ता.’

‘हात सोड खाली. खांदा...’ त्यांनी आकडा पुकारला. सासूबाईंनी खडू पुन्हा उचलला. ‘उंची...’ तोही पुकारला. ‘आता हात वर कर.’

थोरलीने दोन्ही हात वर केले. डावा पूर्ण वर जात नसे, तो तिने जाईल तेवढा नेला. वन्संनी तिच्या पाठीमागून टेप फिरवली, दोन्ही टोकं पुढे आणली आणि सवयीने ताणली. टेप डाव्या बाजूला सरळ, सपाट बसली. वन्सं पुटपुटल्या, टेपला पीळ पडला असेल म्हणून त्यांनी बोटाने चाचपून पाहिलं. आणि त्यांचं बोट तिथेच राहिलं.

थोरलीने खाली पाहिलं. वन्संनी वर पाहिलं. इतक्या जवळून त्या दोघींनी एकमेकींना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. वन्संच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

‘कधी?’ वन्संचे ओठ हलले, आवाज नाही आला.

‘बहिणीकडे गेले होते ना, तेव्हा,’ थोरली तितक्याच हळू म्हणाली.

वन्संच्या चेहऱ्यावर तो सबंध महिना एकामागून एक दिवस उलटत जाताना थोरलीला दिसला. त्या महिन्यातला एकेक टोमणा, मामंजींच्या उशाशी बसून तिच्याविषयी बोललेला एकेक शब्द. आता या रडणार, थोरलीला वाटलं. आता टेप टाकतील, मला मिठी मारतील, आणि सगळं घर येऊन खोक्याभोवती उभं राहील. तिने डोळे मिटून घेतले.

‘अगं, किती?’ टेबलापाशी सासूबाईंचा खडू खोळंबला होता. ‘छाती सांग की!’

वन्संनी श्वास घेतला. आणि शाळेच्या मैदानाच्या पार टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात आरोळी ठोकली.

‘जुनंच!’

एकच गिल्ला झाला.

‘शक्यच नाही!’ भाऊजी ओरडले. ‘फसवाफसवी आहे! आम्ही काय उपाशी राहायचं होतं? ताई, पुन्हा मोज!’

‘खरंच, वन्सं, पुन्हा बघा ना,’ धाकटी म्हणाली. ‘या वयात कुणाचं जुनंच भरतं?’

‘तुम्ही मला माप घ्यायला शिकवू नका,’ वन्सं कडाडल्या. त्या तिथून हलल्या नव्हत्या. थोरलीच्या पुढ्यात तशाच आडोशासारख्या उभ्या होत्या. ‘मी मोजलंय. जुनंच आहे. काढ तिचा कागद, आई.’

सासूबाईंनी खिळ्यावरचा थोरलीचा कागद शोधून काढला, टेबलावर पसरून तळहाताने सपाट केला. ‘कागद बघ किती पिवळा पडला,’ त्या कौतुकाने म्हणाल्या. ‘बाई आहे तशीच आहे. मग ठरलं तर. गुरुवारी पाण्यात पहिली तीच उतरेल. धरा गं कापड, उलगडा.’

तागा पुन्हा धडधडत टेबलभर उलगडला. भाऊजी आणि धाकटी कडा धरायला धावले. थोरलीचा नवरा कात्रीला धार लावायच्या निमित्ताने खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, आणि बराच वेळ धार लावत राहिला.

थोरलीने हात खाली घेतले. वन्संनी तिचा स्वेटर दोन्ही बाजूंनी ओढून सारखा केला, वरचं बटण लावलं. त्यांचं नाक लाल झालं होतं. टेपच्या टोकाने त्यांनी ते पुसलं.

‘मला का नाही सांगितलंस?’ त्या फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाल्या.

‘तुम्ही भांडायच्या बंद झाल्या असतात.’

वन्संनी तिच्याकडे रोखून पाहिलं. शाळेतली मुलं ज्या नजरेला घाबरतात, तीच नजर. फक्त तिच्या कडांना पाणी आलं होतं.

‘भांडणार तर आहेच मी,’ त्या म्हणाल्या. ‘चांगली कडाकडा भांडणार आहे. झऱ्यावरून एकदा येऊ दे. आणि पायरीवर रेंगाळलीस तर मागून ढकलीन, आधीच सांगून ठेवते.’ मग त्यांनी टेप पुन्हा हातात घेतली आणि आवाज चढवला. ‘आता अशी वाकून काय उभी आहेस? ताठ उभी राहा. बाहीचं माप राहिलंय.’

थोरली ताठ उभी राहिली.